फोटोच्या कडेला

पहिल्याच दिवशी इक्बालभाईंनी माझ्यासमोर एक फोटो ठेवला आणि विचारलं, "काय आहे, सांग बाय." चकचकीत, गोलसर, दुधी रंगाचे दाणे एकाला एक लागून बसले होते. मी म्हणाले, माशाची अंडी. ते खूश झाले. "हिथल्या खैरानच्या किनाऱ्याची वालू आहे ती," म्हणाले, आणि दुसरा फोटो काढला. तेच दाणे राळेत बसवून, मधोमध कापून, घासून गुळगुळीत केलेले. प्रत्येक दाण्याच्या आत कांद्यासारखे पापुद्रे आणि गाभ्यात शिंपल्याचा कण. उथळ, खारट पाण्यात तो कण लोळत राहतो आणि त्याच्यावर चुन्याचा थर चढत जातो. "दगड मोडून झालेली वालू गावात बगितली होती. वाढणारी वालू हिथं येऊन बगितली."

मी नाशिकची, धातूंची इंजिनीअर. आखातात, मीना अल-अहमदी बंदराच्या रस्त्यावरच्या एका लहान प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. कारखान्यांतून पाइपांचे कापलेले तुकडे आमच्याकडे येत. ते आरशासारखे घासायचे, सूक्ष्मदर्शकाखाली धरून फोटो काढायचे आणि आत काही दोष आहे का ते लिहून द्यायचं, हे इक्बालभाईंचं काम. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातून आलेला हा माणूस बावीस वर्षं तेच करत होता. जलीब नावाच्या कामगार वस्तीत चौघांच्या खोलीत राहायचा. खाटेवरच्या भिंतीला इतरांनी घरच्यांचे फोटो लावलेले. यांच्याकडे बायकोच्या, झुबेदाभाभींच्या, फोटोशेजारी सूक्ष्मदर्शकातून टिपलेला माशीचा पाय आणि मिठाचा खडा.

मी तुकडा घासताना घाई केली की ते हात धरायचे. "वस्तू आपणहून दाखवता, बाय. आपण फक्त मधे येवचा नाय." दुसरंही एक वाक्य होतं, ते मात्र क्वचित बोलायचे: "बगायला डोला पुरतो. मानायला मन लागता."

एकदा धुळीच्या वादळानंतर मी घरी खिडक्या पुसत कुरकुरत होते. ते जेवायला आले होते. त्यांनी चौकटीतली चिमूटभर धूळ कागदात बांधून नेली. पुढच्या शुक्रवारी माझ्या लेकीसाठी फोटो आणला. वाळूच्या कणांमध्ये काटेरी चेंडूसारखा एक परागकण, कुठल्या फुलाचा कोण जाणे. एरवी प्रत्येक गोष्टीला इंग्रजीत उत्तर देणारी सई चक्क मराठीत म्हणाली, "हा कुठून आला?" ते म्हणाले, "लांबून पाहुणा आला, आणि तुझी आई त्याला फडक्यानं हाकलत होती."

सहा वर्षं अशी गेली. मग एका दुपारी त्यांचा एक अहवाल सहीसाठी माझ्याकडे आला. गरम तेलाच्या पाइपाचा तुकडा होता. तो चांगला निघाला तर बाकीचा पाइप तसाच वापरात राहणार होता. इक्बालभाईंनी 'दोष नाही' असं लिहिलं होतं. सोबत त्यांनीच काढलेला फोटो, नेहमीसारखा स्वच्छ. आणि त्या फोटोच्या डाव्या कडेला केसाएवढी, फांद्या फुटलेली भेग.

मी फोटो घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी पाहिला आणि म्हणाले, ठीक तर आहे. मी कागद हळूहळू उजवीकडे सरकवत गेले. भेग त्यांच्या नजरेसमोर मधोमध आली, तेव्हा त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं.

डोळ्यांतला दाब वाढून त्यांची नजर कडेकडून विझत चालली होती. डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितलं होतं. त्यांनी भाभींनाही कळू दिलं नव्हतं.

मी म्हणाले, हे कुणाला सांगू नका, तुमचे सगळे फोटो मी पुन्हा तपासत जाईन. मला ते मनापासून हवं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"आणि तू रजेवर गेलीस की? त्या पायपाजवल माणसा काम करतात, बाय."

राजीनाम्याचं पत्र त्यांनी मलाच लिहायला लावलं. सही करताना ओळ कुठून सुरू होते ते बोटानं चाचपून पाहिलं. नोकरी गेली तसा इकामा, म्हणजे तिथं राहण्याचा परवाना, रद्द झाला आणि महिन्याभरात ते गावी परतले. विमानतळावर मला रडू आवरेना. तेच माझी समजूत घालत होते.

नंतर दर शुक्रवारी मी फोन करायची. ऊन, सईची परीक्षा, खाडीतले मासे, सगळ्यावर बोलणं व्हायचं. त्या पाइपाचं नाव मात्र मी चुकूनही काढत नसे. जुनी जखम कशाला उकरायची, असं वाटायचं. त्यांनीही कधी विचारलं नाही.

या पावसाळ्यात भाभींचा फोन आला. अंगणाची पायरी इक्बालभाईंना दिसली नव्हती. पडले, अंथरुणाला खिळले, आणि पंधरा दिवसांत गेले. मी काहीबाही बोलत राहिले. भाभी ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "त्या पायपाचा काय झाला गो? सारखे तोच बोलायचे. मी म्हटला, तिलाच विचारा. तर म्हणायचे, ती सांगत नाय म्हणजे कोणतरी मेला असणार."

मी म्हणाले, "भाभी, ते गावी पोचले त्याच आठवड्यात तो पाइप बदलला. कुणाला काही झालं नाही."



"एवढाच होता," त्या म्हणाल्या, "तर सांगायचा ना, बाय."