माझ्या आधी कार्ताखेनाला कोण गेलं होतं?

या सदरातले अनुभव मी आजवर जेवताना करमणूक म्हणून वाचत आलो. अनघाला, म्हणजे माझ्या बायकोला, वाचून दाखवायचो आणि चुका काढायचो. 'दार आपोआप उघडलं' म्हणे... अरे, बिजागरी बघितली का कुणी? माझी सगळी नोकरी गाड्यांच्या ब्रेक टेस्टिंगमध्ये गेली. जे मोजता येत नाही ते मानायचं नाही, असा माझा खाक्या. आज मीच इथे लिहायला बसलोय. भीतीपेक्षा मला याची लाज जास्त वाटते, आणि का वाटते ते पुढे कळेलच.

आम्ही राहतो गेर्लिंगेनला, स्टुटगार्टच्या शेजारी. चढावरची तीन मजली इमारत, आम्ही सर्वांत वर. हॉलच्या खिडकीतून खाली दरीतली छपरं दिसतात. मी, अनघा आणि आमची मुलगी इरा. इरा पंधरा वर्षांची आहे. आम्ही मराठीत बोलतो, ती सगळं समजून जर्मनमध्ये उत्तर देते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीत माझा विभाग बंद करायचं ठरलं. हे काम आता सॉफ्टवेअरवर होणार होतं. ज्यांना राहायचं होतं त्यांच्यासाठी उमशूलुंग ठेवली होती... म्हणजे नवं काम शिकवणारा कोर्स आणि शेवटी परीक्षा. मी कोर्स केला. परीक्षेत नापास झालो. पुन्हा बसलो, पुन्हा नापास झालो. माझ्याबरोबरचे जवळजवळ सगळे पास झाले, त्यात माझ्याहून मोठेही होते. मी घरी येऊन सांगितलं, की सगळ्यांनाच काढलं.

अनघा आयटीत आहे. तो पेपर तिने चहा पिता पिता सोडवला असता. म्हणूनच तिला सांगायची माझी छाती झाली नाही.

पुढचे महिने नुसते अर्ज करण्यात गेले. मग अनघानेच कार्ताखेनाची कल्पना काढली. कार्ताखेना म्हणजे स्पेनमधलं भूमध्य समुद्रावरचं बंदर. तिची नोकरी घरूनच होती, तिथून काम करायला कंपनी तयार झाली. घरभाडं इथल्या निम्म्याहून कमी. तिच्या ऑफिसमधल्या एका स्पॅनिश मुलीची आत्या तिथे राहायची, तिचा वरचा मजला रिकामा होता. या एन्कार्नाबाई तरुणपणी स्टुटगार्टच्या एका कारखान्यात कामाला होत्या, म्हातारपणी गावी परतल्या होत्या. त्यामुळे भाषेचीही अडचण नव्हती. बाई फर्मास स्वाबियन, म्हणजे स्टुटगार्टकडची, जर्मन बोलायच्या.

मित्रमंडळींना आम्ही सांगितलं, "आता जरा समुद्राकाठी राहू म्हटलं." गणपतीत एकजण सगळ्यांसमोर म्हणाला, "मंदार, लकी आहेस लेका. आम्हाला कुठलं जमायला." मी हसलो. आरतीचं तबक पुढे आलं तेव्हा मला मान वर करवत नव्हती.

मार्चमध्ये घर बघायला जायचं ठरलं. मी आयत्या वेळी माघार घेतली. इराच्या शाळेचं निमित्त सांगितलं. खरं कारण असं, की घरमालकीण विचारणार 'तुम्ही काय करता?' आणि बायकोसमोर मला उत्तर द्यावं लागणार. गुरुवारी सकाळी ती एकटीच विमानतळावर गेली. इरा शाळेत गेली. मी करड्या स्वेटरमध्ये हॉलच्या खिडकीशी खुर्ची ओढून बसलो.

त्यानंतरचं मला काही आठवत नाही. स्वप्न पडल्याचंही नाही. एकदम संध्याकाळी इराची किल्ली दारात वाजली तेव्हा मी भानावर आलो. मान आखडली होती. फोनवर अनघाचे मिस्ड कॉल होते. आणि दोन्ही तळहात चुरचुरत होते... बघितलं तर दोन्हीवर आडवे लाल वळ. दोर हातातून सरकला की उठतात तसे. खुर्चीच्या दांड्या घट्ट धरून झोपलो असेन, असं मी स्वतःला सांगितलं. खिचडी टाकली. इरा माझ्याकडे न बघता जेवली आणि खोलीत निघून गेली. अनघाला मेसेज केला, 'झोप लागली होती, उद्या बोलू.'

शुक्रवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. ती घराबाहेर रस्त्यावर उभी होती, मागे बंदरातल्या क्रेन दिसत होत्या. घर कसं आहे ते सांगेल असं वाटलं होतं.

"मंदार, तू काल कुठे होतास?"

"घरी. का गं?"

"खरं सांग. इथे आला होतास का?"

मला वाटलं ती चेष्टा करतेय. पण तिचा चेहरा तसा नव्हता.

"मी बेल वाजवली," ती म्हणाली, "तर बाईंनी दार उघडून पहिलं वाक्य काय म्हणावं? 'तुम्ही अनघा ना? तुमचे मिस्टर काल दुपारी येऊन गेले.' मी म्हटलं, काहीतरी गैरसमज होतोय. तर म्हणाल्या, उंच, चष्मा, डाव्या भुवईत खोक, अंगात करडा स्वेटर. वरचा मजला बघायचाय म्हणाले म्हणून नेलं वर."

वर्णन हुबेहूब माझं होतं, तरी मी म्हणालो, "दुसरा कुणीतरी असेल. बघायला येत असतील लोक."

"माझं नाव घेऊन? ऐक तर. वर खिडकीचं लाकडी शटर आहे ना, पट्ट्याने ओढायचं, ते कित्येक महिने अडकून होतं. त्या माणसाने ते नुसत्या हातांनी ओढून मोकळं केलं. पट्टा हातातून सरकला आणि त्याचे तळवे सोलवटले. बाईंनी मलम दिलं, म्हणे."

मी फोन टेबलावर टेकवला आणि हात खाली घेतले.

"मंदार, हात दाखव."

"अनघा, काहीतरीच काय..."

"कॅमेऱ्यासमोर हात धर."

मी धरले. ती बराच वेळ बघत राहिली. मलाही ते माझे हात वाटेनात. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "परीक्षेचं मला का नाही सांगितलंस?"

मी खाली बसलो.

अनघाने सांगितलं, तो माणूस एन्कार्नाबाईंच्या स्वयंपाकघरात बसून रडला होता. 'मी दोनदा नापास झालो,' तो त्यांना जर्मनमध्ये म्हणाला, 'आणि बायकोला खोटं सांगितलं. उद्या ती येईल, तिला तुम्ही सांगा, मला जमत नाही.'

ही गोष्ट जगात मला आणि कंपनीतल्या मोजक्या माणसांना माहीत होती. अनघाच्या ऑफिसमधल्या त्या मुलीला माहीत असणं शक्यच नव्हतं, ती वेगळ्याच कंपनीत.

फोन ठेवल्यावर मी इराच्या खोलीत गेलो. काल दुपारी मी घरीच होतो हे सांगणारं कुणीतरी मला हवं होतं, पण विचारणार तरी काय? तिनेच हेडफोन काढले. आईचा मेसेज तिलाही आला होता.

"काल मी मधे घरी आले होते," ती जर्मनमध्ये म्हणाली. "खेळाचे शूज विसरले होते म्हणून. तू खुर्चीत होतास. डोळे अर्धवट उघडे. मी दोन-तीनदा बाबा म्हणून हाक मारली. खांदासुद्धा हलवला. तू बघितलंच नाहीस."

"मग संध्याकाळी बोलली का नाहीस?"

तिने चादरीचा कोपरा बोटाला गुंडाळला. "बरोबर मैत्रीण होती. दारात उभी होती. तिने विचारलं, तुझे बाबा दिवसा घरी कसे... आणि असे का बसलेत." मग मान खाली घालून म्हणाली, "इष हाब मिष गेशेम्ट."

मला लाज वाटली, असं ती म्हणाली. वळांचं, शटरचं, सगळ्याचं भय एका बाजूला आणि हे वाक्य एका बाजूला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो आणि मध्येच मागे घेतला.

अनघा रविवारी परत आली. मी भांडणाच्या तयारीत होतो. ती सोफ्यावर बसली, बूटसुद्धा काढले नव्हते.

"तू नापास झालास त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "पण मी शेजारच्या खोलीत होते रे. तेच काम करत होते. भिंतीवर टकटक केली असतीस तरी चाललं असतं."

मी खाली वाकून तिच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागलो.

मग मी इंजिनियरसारखा विचार करायला लागलो. तिथला दुसरा कुणी भारतीय असेल... पण त्याला परीक्षेचं काय माहीत? मीच झोपेत विमानाने गेलो म्हणावं, तर इराने मला दुपारी खुर्चीत पाहिलं होतं. बाई खोटं बोलत असतील... कशासाठी? वळ खुर्चीचे म्हणावेत, तर मी नंतर त्याच दांड्या घट्ट आवळून बसून पाहिलं. तसे वळ उठत नाहीत. एका मानसोपचारतज्ज्ञ मित्राला विचारलं. ताणामुळे माणूस तासन्‌तास बधिर बसू शकतो, असं तो म्हणाला. बरं, ते खुर्चीतल्या माणसाचं झालं. दुसऱ्याचं काय?

घर घ्यायचं की नाही यावर आमची खूप चर्चा झाली. मी नको म्हणत होतो. त्या बाईंना तोंड दाखवायची कल्पनाच सहन होत नव्हती. अनघा म्हणाली, "तिने तुझं काय वाईट केलं? आणि तोंड किती जणांपासून लपवणार आहेस?" शेवटी ईस्टरच्या सुटीत करार करायला आम्ही तिघं कार्ताखेनाला गेलो.

बंदरापासून चढत जाणारी अरुंद गल्ली, वाळत घातलेले कपडे, कुठेतरी मासे तळल्याचा वास. दुपारची वेळ, लख्ख ऊन. बेल अनघाने वाजवली. मी दोन पायऱ्या खाली उभा होतो.

एन्कार्नाबाई ठेंगण्या, काळा चष्मा डोक्यावर सरकवलेला. त्यांनी अनघाचे गाल धरले, इराला जवळ घेतलं. मग माझ्याकडे बघितलं. मी ओळखीची वाट बघत होतो. 'परत आलात का' असं काहीतरी म्हणतील म्हणून मनात उत्तरही जुळवून ठेवलं होतं. बाई नुसत्या बघत राहिल्या. मग अनघाला विचारलं, "हा तुमच्या मिस्टरांचा धाकटा भाऊ का?"

अनघाला कळलंच नाही. "धाकटा?"

"आल्झो... म्हणजे, चेहरा तोच," बाई म्हणाल्या. "भुवईतली खोकसुद्धा. पण ते तर चांगले म्हातारे होते. माझ्या वयाचे. सगळे केस पांढरे, जिना चढताना धाप लागत होती. मी म्हटलं बसा, तर म्हणाले, सवय आहे मला या जिन्याची."

इरा माझ्याकडे बघत होती. अनघाने माझा दंड धरला.

माझ्या मनात तेव्हा भुताखेताचा विचार आला नाही. मी हिशेब मांडत होतो. बाईंच्या वयाचा मी म्हणजे सत्तरीच्या पुढचा. तोवर त्या माणसाने हे कुणालाच सांगितलं नसेल? इतकी वर्षं तो ही एक गोष्ट पोटात घेऊन हा जिना चढत-उतरत राहिला असेल?

करार केला. ऑगस्टमध्ये, इराचं शाळेचं वर्ष संपलं की आम्ही जातोय. परीक्षेचं मी आईला पुण्याला फोन करून सांगितलं, इथल्या मित्रांना सांगितलं, आता तुम्हालाही सांगितलं. सांगताना दर वेळी कान तापतात, पण सांगतो. काय घडलं याचा उलगडा मला झालेला नाही, आणि कुणाला झाला तर मला तो ऐकवेल की नाही हेही माहीत नाही.

त्या दिवशी निघताना एन्कार्नाबाई मला दारापर्यंत सोडायला आल्या. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "तुमच्या भावाला आता बरं आहे का? फार रडले हो त्या दिवशी."

मला भाऊ नाही. मी म्हटलं, "हो. आता जरा बरं आहे त्याला."