खुंटीवरची पँट

माझा जावई रंगारी आहे. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, पण लिहिताना 'तो' म्हणणार. दोन वर्षं एका छपराखाली काढल्यावर सासूला एवढा हक्क असतो. भिंती रंगवणारे पैशाला पासरी मिळतात, पण दारं, खिडक्या, चौकटी यांना त्याच्यासारखा हात दुसऱ्याचा नाही, असं त्याच्याच धंद्यातले लोक सांगतात. आणि एका धंद्यातली माणसं एकमेकांची स्तुती करायला लागली की ती खरी धरायला हरकत नाही. बोलणं मात्र बेताचं. दिवसाला वीस शब्द, त्यातले दहा 'हो'. लेकीने हाच मुलगा पसंत असल्याचं सांगितलं तेव्हा मी रागाने दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी तो आला, माझ्या खोलीची कित्येक वर्षं न लागणारी खिडकी तासून नीट बसवली, रंगवली आणि एक शब्द न बोलता निघून गेला. मग मी जेवले.

नातीच्या जन्माच्या वेळी मी दोन महिन्यांसाठी म्हणून इथे आले, ती इथलीच झाले. नात एका जागी म्हणून ठरत नाही, म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मी तीस वर्षं लाँड्रीत इस्त्री केली आहे. माझ्या हातची घडी अशी पडायची की तिने भाजी चिरावी. अशा बाईच्या डोळ्यांसमोर रोज दारामागच्या खुंटीवर जावयाची कामाची पँट लटकायची. तिचा मूळ रंग खाकी होता की राखाडी, यावर घरात एकमत नव्हतं. ऑइल पेंट काही धुऊन जात नाही, आणि याला सवय अशी की ब्रशला रंग जास्त आला की बोटाने निपटायचा आणि बोट पँटला पुसायचं. उभा असला तर मांडीला, उकिडवा बसलेला असला तर पार खाली, पायाच्या मोहरीला. पँट इतकी कडक झाली होती की खुंटीवरून काढून जमिनीवर ठेवली असती तर एकटी उभी राहिली असती. दर महिन्याला मी म्हणायचे, "अहो, ही टाका आता, नाहीतर मी हिचं पायपुसणं करते." तो म्हणायचा, "हो." आणि दुसऱ्या दिवशी तीच घालून जायचा.

संध्याकाळचा आमचा तमाशा ठरलेला. साडेसहाला दार वाजायचं, मी आतून ओरडायचे, "आधी पँट बदला!" पण तोवर भिंगरी सुटलेली असायची. आधी रांगत, मग भिंत धरत धरत, मग तुरुतुरु. बापाच्या पायाला मिठी आणि हात ओल्या रंगात. मग मी तेलाची बाटली घेऊन तिची बोटं पुसायचे आणि दोघांनाही बोल लावायचे. दोघंही सारखंच ऐकायची, म्हणजे अजिबात नाही.

हा तमाशा माझ्या लेकीने कधी पाहिलाच नव्हता. ती औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. सकाळी सातला जाते, रात्री आठला येते, सुट्टी फक्त रविवारी. भिंगरी आठ महिन्यांची झाली तेव्हा ती पुन्हा कामावर रुजू झाली. पहिला आठवडाभर ती बसस्टॉपपर्यंत रडत जायची आणि तिथे डोळे पुसून बसमध्ये चढायची. हे मला शेजारच्या शिंप्याने सांगितलं, तिने नाही. पोरीचं जे नवं घडायचं ते नेमकं ती नसताना. पहिला दात माझ्या बोटाला लागला. पहिली चार पावलं गुरुवारी सकाळी अकराला पडली, गॅसवर दूध उतू जात असताना. लेक आली की मी सगळं तिखटमीठ लावून सांगायचे. ती हसायची, "परत सांग" म्हणायची, आणि मला तिच्या तोंडाकडे बघवायचं नाही.

म्हणून तिने चौकट धरली. आतल्या खोलीच्या दाराची. महिन्याच्या पहिल्या रविवारी भिंगरीला चौकटीला पाठ लावून उभं करायची, डोक्यावर पट्टी आडवी धरायची आणि पेन्सिलीने रेघ ओढायची. शेजारी बारीक अक्षरात लिहायची: धरून उभी राहिली. चार पावलं. चमच्याने स्वतः खाल्लं, निम्मं जमिनीवर. 'नाही' म्हणाली. अशा चौदा-पंधरा रेघा झाल्या होत्या. जे डोळ्यांनी बघायला मिळालं नाही ते निदान स्वतःच्या हाताने लिहायचं, एवढंच तिच्याकडे उरलं होतं. पोरीतला तिचा वाटा त्या चौकटीवर होता. दुसऱ्या वाढदिवसाच्या रेघेसाठी तिने मुद्दाम लाल पेन्सिल आणून ठेवली होती.

वाढदिवस रविवारी आला होता. जावयाच्या मनात आलं, बायकोला पत्ता लागू न देता आतली खोली रंगवून काढायची. लोकांची घरं चकाचक आणि आपल्या घराचे पोपडे, हे त्यालाही खुपत असणार. शनिवारी सकाळी लेकीची पाठ वळली तसे त्याने डबे बाहेर काढले. लवकर वाळणारा रंग खास आणला होता. मी भिंगरीला घेऊन दिवसभर शिंप्याच्या दुकानात बसले. दुपारी डोकावले तर भिंती झाल्या होत्या, फिकट पिवळ्या, बघत राहावं अशा. तो चहाचा कप घेऊन चौकटीसमोर उभा होता.

"आई, चौकट राहू दे का?" त्याने विचारलं.

मला वाटलं, दमला असेल, टाळतोय. मी उचलली जीभ लावली टाळ्याला. "राहू दे काय? नव्या भिंतीत ती कळकट चौकट शोभेल का? लोकांची कामं चोख आणि घरचं अर्धवट!"

"हो," तो म्हणाला.

आता वाटतं, त्या रेघांचंच काहीतरी त्याच्या मनात चाचपडत होतं. पण माझ्या आवाजात मनातलं बारीकसारीक टिकत नाही. आणि एकदा पॉलिश पेपर हातात आला की त्याचे डोळे फक्त लाकूड बघतात. घासलं, भोकं बुजवली, पुन्हा घासलं, रंगाचे दोन हात दिले. पंचवीस वर्षं हात जे करत आले ते हातांनी केलं.

आठ वाजता लेक आली. "बाई गं!" म्हणाली आणि खोलीभर फिरली. मी किती दिवसांनी तिला अशी हसताना पाहत होते. फिरता फिरता ती दाराशी आली. चौकट पांढरीशुभ्र, तोंड दिसावं अशी. तिने एक बोट टेकवलं आणि खालून वरपर्यंत नेलं. कुठेही काही लागलं नाही.

"छान झालंय," ती म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू होता.

जावयाला तेव्हा उमगलं. त्याने खरवडायचा पत्रा उचलला, चौकटीपाशी बसला आणि पत्रा तसाच खाली ठेवला. मी हळूच म्हटलं, "वरचा रंग काढला तर?"

"खाली काही नाही, आई. आधी लाकडापर्यंत घासली."

कामचुकार असता तर त्याने पेन्सिलीवरच रंग फासला असता आणि रेघा आत सुखरूप राहिल्या असत्या. चोख कामाने घात केला. करायला गेलो काय आणि वरती झाले पाय! आणि ते चोख काम मागितलं कोणी, यावर मी तोंडात मिठाची गुळणी धरली. मला लाज वाटत होती आणि भीतीही. लेक बाहेर आल्यावर तो म्हणाला, "चुकलं माझं." ती म्हणाली, "मुद्दाम थोडंच केलंत." भांडली असती तर बरं झालं असतं. तिने लाल पेन्सिल ड्रॉवरमध्ये टाकली आणि पानं वाढायला घेतली.

रविवारी सकाळी दोघं समोरासमोर बसून फुगे फुगवत होती. भिंगरी एकेक फुगा पळवत होती. मला अपराधी वाटलं की मी साफसफाईला लागते. म्हटलं, आज या घरातली एक तरी घाण जाऊ दे. खुंटीवरची पँट काढली, कात्री घेतली आणि मागच्या अंगणात गेले. चिंध्या करायच्या होत्या. पण तीस वर्षांची खोड जाते कुठे! पँट हातात आली की शिवणीला शिवण जुळवून पसरायची, तळहाताने सरळ करायची, मगच पुढचं. तशी ती ओट्यावर पसरली. आजवर मी तिला दोन बोटांच्या चिमटीत धरून नाक मुरडत लांब केलं होतं. नीट अशी कधी पाहिलीच नव्हती.

गुडघ्याच्या जरा खाली एक हिरवा पंजा होता. पाचही बोटं वेगवेगळी, पूर्ण पंजा माझ्या दोन बोटांत मावेल एवढा. त्याच्या वर पिवळा, फरफटलेला. मागच्या बाजूला पोटरीवर दोन विटकरी, जोडीने. मांडीवर लाल. एक दिसला तसे सगळेच दिसायला लागले. कात्री हातातच राहिली.

मी लेकीला हाक मारली आणि बोट दाखवलं. ती वाकली. मागोमाग तो आला, खांद्यावर भिंगरी.

"हा हिरवा कधीचा?" लेकीने विचारलं.

त्याने पँटकडे नाही, रंगाकडे पाहिलं. "बँकेच्या जाळ्या. ती धरून उभी राहायला लागली तेव्हा."

"आणि पिवळा?"

"शाळेची दारं. चालत आली ना पहिल्यांदा दारापर्यंत, तो आठवडा. विटकरी म्हणजे वाचनालय. तेव्हा मागून येऊन पकडायची. लाल पोस्टाचा, आत्ताचा, गेल्या महिन्यातला."

एवढं तो लग्नात पण बोलला नव्हता. मी म्हटलं, "अहो, मग काल का नाही सांगितलंत? काखेत कळसा नि गावाला वळसा!"

"पँटकडे कोण बघतं, आई? मी दारंच बघतो."

लेक तोवर खाली खाली जात मोहरीशी पोचली होती. तिथे, अगदी काठावर, एक निळा पंजा होता. सगळ्यांत लहान. बोटं जमिनीच्या बाजूला पसरलेली.

"हा?"

त्याने भिंगरीला खांद्यावरून उतरवलं. "दवाखान्याच्या खिडक्या. तू कामावर जायला लागलीस तो आठवडा. रांगत होती तेव्हा." मग म्हणाला, "दार वाजलं की तिला वाटायचं, तूच आलीस. भराभर रांगत यायची. मी दिसलो की माझा पाय धरून बाजूने मागे बघायची. तू मागे उभी असशील म्हणून."

हे मलाही माहीत नव्हतं. मी आत बाटली शोधत असायचे.

चौकटीवर रांगण्याची खूण नव्हतीच. चौकट सुरू झाली पोर उभी राहिल्यावर. त्याआधीचे ते दोन महिने, बसस्टॉपपर्यंत रडत जाण्याने सुरू झालेले, कुठेच लिहिलेले नव्हते. लेकीने आपला तळहात त्या निळ्या पंजावर ठेवला आणि ती रडली. आवाज करून, लहानपणी रडायची तशी. भिंगरीने थोडा वेळ बघितलं, मग तिनेही आपला हात आईच्या हातावर थाप्पकन ठेवला.

मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. "चौकट घासायला मीच सांगितलं. ते राहू दे का म्हणत होते."

"माहीत आहे," लेक नाक पुसत म्हणाली. "त्यांनी आपणहून घरचं काम कधी पुरं केलंय?" आणि माझ्या हातातली कात्री काढून घेतली.

तो हसला. त्याचं हसणं म्हणजे मान जरा खाली जाते, एवढंच. आत जाऊन त्याने ड्रॉवरमधून लाल पेन्सिल आणली. भिंगरीला नव्या चौकटीला उभं केलं. ती उभी राहीना, मला फुगा दाखवावा लागला. लेकीने रेघ ओढली. पांढऱ्यावर लाल, ठसठशीत. दोन वर्षं, असं लिहिलं आणि खाली तिघांची नावं नाही, तर चौघांची लिहिली. माझंसुद्धा.

जावयाच्या वाढदिवसाला म्हणून मी एक नवी पँट घेऊन ठेवली होती, ती आदल्या दिवशीच्या पापाची भरपाई म्हणून आधीच देऊन टाकली. सोमवारी तो ती घालून कामाला गेला, माझ्या हातची घडी, भाजी चिरावी अशी. जुनी पँट लेकीने कापडात गुंडाळून कपाटात ठेवली. कपाटाला आता टर्पेंटाइनचा वास येतो, पण मी काही बोलत नाही.

सोमवारी लेकीने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. साडेसहाला दार वाजलं. तो उंबऱ्यात उभा होता, नव्या पँटच्या मांडीवर ओल्या आकाशी रंगाचा चांगला हातभर पट्टा. माझी घडी कधीच मोडली होती. सवयीने माझं तोंड उघडलं, "आधी पँट..."

"थांब गं आई," लेक म्हणाली. भिंगरी तिच्या कडेवर वळवळत होती. तिने गुडघ्यावर बसून तिला खाली ठेवलं आणि सोडून दिलं. "जा."

भिंगरी सुटली. बापाच्या पायाला दोन्ही हातांनी भिडली, गाल लावला, आणि मग नेहमीसारखी त्याच्या पायाआडून बाहेर रस्त्याकडे डोकावली. तिथे कोणी नव्हतं. तिने मान वळवली, तर आई इकडे, घरात, तिच्या समोरच बसलेली. ती खदखदून हसली आणि आकाशी हात पुढे करून तिच्याकडे पळत आली.

मी तेलाची बाटली आणायला आत गेले. जरा सावकाशच.