यादीत नसलेली कवडी

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर तर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढं शेळ्या राखल्या. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा सुकतो, म्हणून वहीत लिहिते आहे. माझी मुलगी रेणू फोनवर लोकांचे असले अनुभव वाचून दाखवायची, तेव्हा मी हसायचे. उभा जन्म माळावर एकटीनं काढला, मसणवटीजवळ शेळ्या चारल्या... कधी काही दिसलं नाही. भूतबीत मी मानतच नव्हते. आणि जे घडलं ते घडलं भर दुपारी, माझ्याच ओसरीत.

आमचं गाव कळमनुरी तालुक्यात, डोंगरकड्याच्या बाजूला. रेणू घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्यांसाठी त्यांचं एक अ‍ॅप आहे. त्यात एक छोटी चौकट दिसते, तिला विजेट म्हणतात. आपल्या कळपाची नावं आणि आकडा त्या चौकटीत येतो. ती चौकट रेणू बनवत होती. काळ्या स्क्रीनवर एक ओळ लिहायची, बटण दाबायचं, की चौकट तयार होते. दुसरी ओळ लिहिली की तिची टेस्ट होते. बरोबर असेल तर हिरवं, चुकलं तर लाल. एवढं मला बघून बघून कळायला लागलं होतं.

टेस्टसाठी तिला मराठी नावांची यादी पाहिजे होती.

"आई, किती शेळ्या हायत गं आपल्या?"

"मोजून तोंडानं सांगू नये. नजर लागते."

"अगं, कंपनीला आकडा लागतो!"

"मी नावं घेते. आकडा तू मनात ठेव."

आमच्यात तसंच असतं. संध्याकाळी कळप आला की आम्ही मोजत नाही, एकेकीचं नाव घेऊन बघतो. मी सांगत गेले... भुरी, मोरी, शिंगी, सरपंचीण...

"सरपंचीण?" रेणू हसायला लागली. "पुण्याच्या सरांनी वाचलं म्हणजे!"

"मग? समद्यांच्या घरात घुसती ती."

बावीस नावं झाली. कामाची मुदत त्याच दिवशी चार वाजेपर्यंत होती. रेणूला तीन महिने परीक्षेवर घेतलं होतं. टेस्ट हिरवी होऊन काम गेलं तर नोकरी पक्की, नाहीतर घरी बसा.

तिनं बटण दाबलं. लाल.

"बावीस पाहिजेत, तेवीस येऊन राहिलेत," ती म्हणाली. मग तिनं नावं उघडून पाहिली आणि मला विचारलं, "आई, ही कवडी कोणती?"

मी उठून स्क्रीनजवळ गेले.

"पुसून टाक," मी म्हणाले.

"काय पुसू? यादीत न्हाईच ती! म्यां लिहिलीच न्हाई."

तिनं सगळीकडं शोधलं. कुठंच कवडी नव्हती. सरांना फोन लावला. ते म्हणाले, जुनं साठलेलं पुसून परत चालवा. तसं केलं. परत तेवीस. यादी पुण्याला पाठवली, तर सरांच्या मशीनवर बरोबर बावीस! आमच्या ओसरीत मात्र शेवटची ओळ कवडीच, आणि काम इथूनच हिरवं होऊन जायला पाहिजे होतं. सात वेळा चालवलं. रेणूच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग मला सांगावं लागलं. जे मी तिच्या पप्पांनाही कधी सांगितलं नव्हतं.

माझं माहेर याच गावातलं. मी दहा वर्षांची असताना शेजारच्या गयाआत्यांची एक शेळी आमच्याकडं निम्म्यानं होती. म्हणजे शेळी मालकाची, राखण आपली, पिल्लं निम्मी निम्मी. ती माळावर व्याली. तीन पिल्लं झाली, तिसरं अगदी मरतुकडं. आत्यांना मी सांगितलं, तिसरं मेलं. मला खरंच तसं वाटलं होतं. पण ते जगलं. कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका, म्हणून मी तिला कवडी म्हणायचे, तेही माळावर, कोणी नसताना. आत्यांना जाऊन खरं सांगायचं माझं धाडस झालं नाही. पुढं वडिलांनी जवळा बाजारच्या आठवडी बाजारात ती विकली आणि माझ्या पायात पैंजण आले. वडील, आई कधीच गेले. ते नाव फक्त मला माहीत होतं.

रेणूनं लॅपटॉप बाजूला सारला. "आई... आत्या हायत की अजून. जा ना."

मी गेले. गयाआत्या उंबऱ्यात मिसरी लावत बसल्या होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं. एवढं सलग मी जन्मात बोलले नव्हते.

"तवाच सांगितलं असतं तर तुला खाल्लं असतं का म्यां?"

"भ्या वाटलं, आत्या."

"अन् आता काहून आली?"

"रेणूच्या कॉम्प्युटरवर तिचं नाव आलं."

"कॉम्प्युटरला काय करायच्या माझ्या शेळ्या?" त्या थुंकून आल्या. "दोन पिल्लं एकेक वाटली, ती तिसरी इकूनच वाटावी लागली असती. निम्मे पैसे माझे. आजच्या भावानं घेईन. कमी न्हाई अन् जास्त बी न्हाई."

घरी आले तर रेणू दारातच उभी. "आई, झालं! बावीस!"

"काय केलंस?"

"काहीच न्हाई. तू गेल्यावर परत तेच चालवलं."

किती वाजता झालं, माझं आत्यांशी बोलणं चाललं होतं तेव्हाच का, ते मी विचारलं नाही. विचारायची भीती वाटली. काम चारच्या आत गेलं. रेणूची नोकरी पक्की झाली.

सर म्हणतात, मशीनमध्ये काहीतरी जुनं राहिलं असेल. पण लॅपटॉप दोन वर्षांचा, आणि कवडीला विकून पस्तीस वर्षं झाली. मग राहिलं ते काय, आणि कुठून? तुमच्यापैकी कोणाला कळलं तर कळलं.

बोकड विकला, त्यातून आत्यांना थोडे पैसे दिले. मग दर बाजाराला थोडे थोडे. परवा शेवटचे पाचशे घेऊन गेले. आत्यांनी नोट उन्हात धरून पाहिली, कनवटीला लावली आणि म्हणाल्या, "फिटलं गं पोरी समदं."