सत्यशीलाताईंचे सात कॉम्प्युटर

पडेगावच्या सत्यशीलाताईंबद्दल सगळे चांगलंच बोलतात. मी मात्र त्यांची बोलणी खाल्लेला माणूस आहे, म्हणून मी सांगतो ते जरा जास्त खरं धरा.

मी तंत्रनिकेतनात ड्रॉइंग शिकवायचो. ताई वाळूजच्या एका कारखान्यात बारा वर्षं वायरी जोडत होत्या. कारखान्यानं जुने कॉम्प्युटर भंगारात काढले, तेव्हा त्यांनी अकरा उचलून आणले. एकाचा पंखा दुसऱ्याला, दुसऱ्याची मेमरी तिसऱ्याला, असं करत सात चालू केले. त्यांत रीतसर फुकट मिळणारी सॉफ्टवेअर भरली आणि शिकणाऱ्या पोरापोरींना वर्षभर वापरायला देऊ लागल्या. तेव्हा पडेगावात शेतांचे प्लॉट पडत होते, कॉलन्या उठत होत्या आणि पाणी मात्र टँकरचं. टँकर आला की ताई हातातलं मशीन उघडं टाकून हंडे घेऊन पळायच्या.

२०१६च्या मार्चात पाण्यावाचून आमचं वसतिगृह बंद झालं. गंगापूरची अमृता शेवटच्या वर्षाला होती. तिला घराचा नकाशा काढून द्यायचा होता. लॅब शहरात आणि ती गावात. ताईंनी तिला एक कॉम्प्युटर दिला. पोरीनं तो गोधडीत गुंडाळून एसटीनं नेला आणि तीन आठवड्यांत नकाशा पुरा केला.

नकाशे जमा करायला सगळा वर्ग दोन दिवसांसाठी बोलावला होता. अमृताची फाइल लॅबमध्ये उघडेना.

"हे कुठलं सॉफ्टवेअर?" मी विचारलं.

"सर, फुकट मिळतं."

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर म्हणालो, "फुकटचं म्हणजे चोरीचं. असलं काम मी घेत नाही." नकाशा नाही तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं तर घरचे तिला पुन्हा पाठवणार नाहीत, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी बोललो.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरायच्या आधीच ताई तिला घेऊन लॅबमध्ये हजर. कामावर खाडा करून.

"सर, पोरीला चोर म्हनलात म्हनं?"

"बाई, नियम असतो."

"व्हय की. मंग तुमच्या सॉफ्टवेअरची पावती दावा."

मी कपाट उघडलं आणि बंद केलं. पावती होतीच कुठं! ओळखीच्या एकाकडून मीच कॉपी केलेली सीडी आणली होती. सगळेच तसं करायचे. ती चोरी आहे हे डोक्यातही आलं नव्हतं.

ताईंनी पेनड्राइव्ह पुढं केला. त्यात ते सॉफ्टवेअर होतं, बनवणाऱ्यांनीच सगळ्यांना फुकट वाटलेलं. अमृतानं ते लॅबमध्ये चढवलं, नकाशा दोन्ही सॉफ्टवेअरांत उघडेल अशा प्रकारात जतन केला आणि माझ्या मशीनवर उघडून दाखवला. भिंती, जिना, गच्चीवरचं पाणी हौदात उतरवणारा पाइप, सगळं जागच्या जागी. इतका नेटका नकाशा त्या वर्षी दुसरा आला नाही. मी सहीला पेन काढला.

"सही करा, तिच्या कामाची हाय," ताई म्हणाल्या. "पर तिचं नाव वर्गात खराब केलंत. ते हितं गुपचूप सही करून नीट व्हनार नाय."

मला राग आला. त्याहून जास्त लाज वाटली.

दहा वाजता वर्ग भरला. बावीस वर्षं ज्या फळ्यापुढं शिकवलं, त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो. अमृता पहिल्या बाकावर होती.

मी म्हणालो, "अमृतानं काही चोरलेलं नाही. चोरीची कॉपी आपल्या लॅबमध्ये आहे, आणि ती मी आणली आहे."