तारलीच्या खोक्यांची विमानं

ग्रीसमधल्या मिहानिओना गावच्या धक्क्यावर मासळीचा लिलाव संपला की तारलीची फुटकी थर्माकोलची खोकी कोपऱ्यात साठायची. तिथं हमाली करणारा स्ट्रातोस ती घरी न्यायचा, न्हाणीघरात व्हिनेगरनं धुवायचा, गच्चीवर वाळवायचा आणि बॅटरीवर तापवलेल्या तारेनं लोण्यासारखी कापून त्यांची रिमोटवर उडणारी विमानं करायचा. पंख ताठ राहावेत म्हणून आत सुव्लाकीच्या, म्हणजे कबाब भाजायच्या, काड्या घालायचा.

त्याच्या बायकोला, वासोला, या सगळ्याचा मनस्वी वैताग. थर्माकोलचे दाणे उशीत, चपलांत, मसुराच्या डब्यात.

"मी माणसाशी लग्न केलं होतं, कचराकुंडीशी नाही," ती म्हणायची.

"कचराकुंडी उडते का कुठं?" तो हसून म्हणायचा.

मूलबाळ नव्हतं. घरात दोघं, एक मांजर आणि छताला टांगलेली विमानं.

साठीला स्ट्रातोसचा उजवा हात कापू लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. तरी दोन वर्षं तो दर रविवारी गावाबाहेरच्या कापणी झालेल्या शेतात विमान उडवत राहिला. मग एकदा विमान भरकटलं आणि सोबत विमानं उडवणाऱ्या त्याच्या मित्राच्या, लेफ्तेरिसच्या, कानाजवळून सणसणत गेलं. लेफ्तेरिसनं ते हसण्यावारी नेलं. स्ट्रातोस मात्र घरी आला, रिमोट कपाटावर ठेवला आणि आठवडाभर मांजराशीसुद्धा बोलला नाही.

शेवटी वासोनंच रिमोट खाली काढला.

"शिकव मला."

"तुला? तुला साधी सायकल येत नाही!"

"हात गेला तरी तोंड शाबूत आहे ना तुझं? तू सांग, मी करते."

तोंड तर भलतंच शाबूत निघालं. "डावीकडे! अगं, विमान आपल्याकडे येताना डावं-उजवं उलटं होतं, किती वेळा सांगू?" अख्ख्या शेताला ऐकू जायचं. पहिल्या उन्हाळ्यात अकरा विमानं आपटली. ती चिकटवता चिकटवता वासो नवीनही करायला लागली, कारण तापल्या तारेपाशी त्याचा हात ठरेना. तिची बोटं भाजली. दुसऱ्या उन्हाळ्यात उत्तरेचा झोंबरा वार्दारिस वारा सुटलेला असतानाही तिनं विमान अलगद उतरवलं.

"बरंय," स्ट्रातोस म्हणाला. त्या एका शब्दावर तिचे चार दिवस मजेत गेले.

पुढं आजार डोक्यात शिरला. तो रस्ता विसरला, लेफ्तेरिसला विसरला. वासोनं एकटीनं दोन महिने खपून एक मोठं पिवळं विमान केलं. निदान ते बघून तरी काही आठवेल, एवढीच तिला आशा. लेफ्तेरिसनं त्याला चाकाच्या खुर्चीसकट शेतात आणलं.

विमान वर गेलं. स्ट्रातोस मान उंच करून बघत राहिला.

"कोण उडवतंय हो, बाई?" त्यानं तिलाच विचारलं.

वासोला विमानावरून नजर वळवता येईना. "मी."

"छान उडवता. हात स्थिर आहे तुमचा." मग विमानाकडे बघतच म्हणाला, "माझ्या बायकोला आणायला हवं होतं मी. इतकी वर्षं इथं येतोय, एकदाही 'चल' म्हटलं नाही तिला. म्हटलं असतं तर आली असती का हो?"

"आली असती," वासो म्हणाली.

पुढचं तिला धड दिसेना. विमान नाक खाली करून जमिनीवर आदळलं, पंख मोडला.

"असू दे, बाई. होतं असं," तो समजुतीनं म्हणाला. दोन उन्हाळे ज्याच्या शिव्या खाल्ल्या, त्याचा हा मवाळ आवाज तिला ऐकवेना. ती मोडका पंख उचलायला गेली आणि पाठमोरी तिथंच बसून राहिली.

त्यानंतर स्ट्रातोस पाच महिने जगला. तिनं भरवलेल्या प्रत्येक घासाला "आभारी आहे, बाई" म्हणायचा. तिनंही पुढं पुढं आपलं नाव सांगायचं सोडून दिलं.

तो गेल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी लेफ्तेरिस गाडी घेऊन दारात आला. "शेतात येतेस ना, वासो?"

तिनं नकारार्थी मान हलवली. दुरुस्त केलेलं पिवळं विमान आणि रिमोट त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला.

"जपून उडव," ती म्हणाली. "उजवीकडं जरा ओढतं ते."