जेफ्रीचा पॉज

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला माहीत नाही. श्रीला माझं बाकी सगळं माहीत असतं — मी कुठे चिडते, आईशी कशावरून वाजतं, भाजी करपली की मी ती कशी खपवते — पण हे नाही. आज तुम्हाला सांगतेय. आणि आधीच सांगून ठेवते, डोळे पुसत बसलेली नाही मी. मला त्या माणसाचा राग आला होता आणि तो राग खरा होता. तसं कुणी आज बोललं तर आजही येईल.

पण नुसत्या रागाची गोष्ट असती, तर इतकी वर्षं लपवली असती का?

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही दुबईत ऊद मेथाला राहायचो. श्री एका बांधकाम कंपनीत इंजिनीअर, मी तिथल्याच देरा भागात एका शिपिंग ऑफिसात. पुण्यात कॉलेजात असताना मी एकांकिका केल्या होत्या. ते एकदा अंगात भिनलं की जात नाही — निदान माझ्या अंगातून तरी गेलं नव्हतं. ऑफिसातल्या एका इंग्रज बाईकडून कळलं, की तिच्या ओळखीची काही हौशी मंडळी दर हिवाळ्यात एका क्लबच्या हॉलमध्ये इंग्रजी फार्स करतात. मी गेले. एक शेजारणीची भूमिका होती, अगदी चार-पाच वाक्यांची. मी ती वाचून दाखवली. लोक हसले, आणि हसायच्या जागी हसले. ते मला कळतं.

त्या मंडळींतला जेफ्री नावाचा इंग्रज तेव्हा नाटक बसवायचाही आणि मुख्य कामही करायचा. वयानं माझ्या वडिलांएवढा; मराठीत त्याला 'ते' म्हणायला हवं, पण तिथे सगळे सगळ्यांना नावानंच हाक मारायचे. तो म्हणाला, "छान वाचलंस. पण यंदा आपण एका अमेरिकन शाळेच्या मदतीसाठी प्रयोग करतोय. प्रेक्षक सगळे अमेरिकन. त्यांना आम्हा इंग्रजांचंच इंग्रजी जेमतेम कळतं, त्यात तुझं —" आणि मग त्यानं माझं वाक्य माझ्या उच्चारात म्हणून दाखवलं. माझा 'व', माझा ठसठशीत 'ट'. वर मान डोलावून. नक्कल उत्तम होती. सगळे खदखदून हसले.

मीही हसले. हे लिहून ठेवा — मीही हसले.

"तू प्रॉम्प्टिंग कर, विंगेतून अडलेली वाक्यं पुरव," तो म्हणाला. "प्रॉम्प्टरचा उच्चार कुणाला ऐकू येत नाही."

मी हो म्हटलं. का? विंगेत का होईना, रंगमंच होता म्हणून. दुसरं काही कारण शोधू नका.

त्यानंतर प्रत्येक तालमीत माझी नक्कल व्हायचीच. त्याच्या मनात वाईट नसावं. ज्याच्याशी सलगी त्याचीच टिंगल, अशी म्हणे त्यांची रीत. असेल. माझी नव्हती ती रीत. मी घरी येऊन आरशासमोर 'व' म्हणून बघायचे, आणि मग स्वतःचीच चीड यायची.

इथवर मी बरोबर आहे ना? तुम्हीही माझ्या बाजूला असाल. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातंय.

एकदा तालीम संपल्यावर मी टॅक्सीची वाट बघत उभी होते. जेफ्री जवळ आला. बराच वेळ गाडीची किल्ली हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "गेल्या उन्हाळ्यापासून माझी वाक्यं जातायत. पाठ होतात, पण जागेवर गेलं की सापडत नाहीत. डॉक्टर म्हणतात, बघू. बाकीच्यांना सांगू नकोस. तू फक्त तिथे राहा."

मी म्हटलं, "काळजी करू नका, जेफ्री. मी आहे."

मनापासून म्हटलं होतं. खोटं तेव्हा नव्हतं त्यात काही.

प्रयोगाच्या संध्याकाळी हॉल भरला; श्री आणि आमची मुलगीही प्रेक्षकांत होते. एसीच्या घरघरीत वाक्यं ऐकू जात नाहीत म्हणून पडदा उघडला की एसी बंद करायचे. सगळे घामानं निथळत होते, तरी अमेरिकन खुशीत होते. त्यांना इंग्रज माणसाचं काय आवडतं, हे मी त्या दिवशी विंगेतून पाहिलं. शब्द नव्हेत. अमेरिकन माणूस सगळं बोलून टाकतो — आवडलं तर सांगतो, दुखलं तर सांगतो. इंग्रज बुडत असला तरी पाणी जरा गार आहे म्हणेल. त्याची अब्रू जातेय, आणि तो समोरच्याला चहा विचारतोय — यावर ते खुर्चीतून पडायचे बाकी होते.

पहिल्या अंकानंतरच्या मध्यंतरात जेफ्री भलताच रंगात होता. सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यानं पुन्हा माझा 'व' काढला. शाळेची डोना नावाची एक बाई आत भेटायला आली होती. तिलाही त्यानं तो ऐकवला. ती बिचारी हसली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत कीव होती, आणि ती मला नकलेपेक्षा जास्त लागली.

दुसरा अंक. प्रसंग असा: नवऱ्यानं बायकोला न विचारता घर भाड्यानं दिलंय. बायको न्हाणीघरातल्या परक्या माणसाकडे बोट दाखवून विचारते, "हा कोण?" जेफ्रीचं उत्तर होतं. ते आलं नाही.

त्यानं विंगेकडे पाहिलं. माझ्याकडे.

माझ्या हातात स्क्रिप्ट होतं. टॉर्च चालू होता. माझं बोट बरोबर त्या ओळीवर होतं. मी ती ओळ म्हटली नाही.

विसरले नाही, गडबडले नाही. मी ठरवलं. ऐकू येत नाही ना माझा उच्चार — मग घे.

जेफ्रीनं समोरची किटली उचलली आणि कपात चहा ओतायला लागला. कप भरला, बशी भरली, चहा टेबलावर आला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. हॉलमध्ये हशा फुटला. लोक टाळ्या पिटत होते, खुर्च्यांचे हात बडवत होते. त्यांना तो सगळा अभिनय वाटत होता. मला माहीत होतं, तो अभिनय नाही. तो एकदा नाही, तीनदा माझ्याकडे वळला. मी पानाकडे पाहत राहिले. शेवटी बायकोचं काम करणारीनं कसंबसं पुढचं वाक्य घेतलं.

प्रयोगानंतर डोना धावत आली. "तो पॉज! असं फक्त तुम्ही इंग्रजच करू जाणता!" सगळे त्याच्या पाठीवर थापा मारत होते. तो हसून मान हलवत होता. गर्दी पांगल्यावर माझ्याजवळ आला.

"तुला जागा सापडली नव्हती का?"

"टॉर्च बंद पडला," मी म्हटलं.

"अच्छा," तो म्हणाला. "होतं असं."

घरी जाताना टॅक्सीत माझ्या मुलीनं विचारलं, "आई, व्हाय कुडन्ट वी हिअर यू?" श्री म्हणाला, "ऐकू आलं नाही म्हणजेच आईनं काम चोख केलं." मी खिडकीबाहेर बघत हो म्हटलं.

जेफ्री पुन्हा रंगमंचावर उभा राहिला नाही. नाटक बसवणंही त्यानं सोडलं. पुढच्या हिवाळ्यात त्याच्या जागी नाटक बसवणाऱ्या नव्या बाईनं मला मोलकरणीचं काम दिलं, चांगलं मोठं. मी ते घेतलं. अमेरिकन हसले, माझ्या 'व'सकट हसले, आणि मला मजा आली. ती मजा खोटी होती असं मी म्हणणार नाही.

त्याच वर्षी जेफ्री कायमचा इंग्लंडला परत निघाला. डोनाच्या बागेत त्याचा निरोप होता. तो बोलताना मध्येच थांबायचा, शब्द शोधायचा. लोक आधीच हसायला तयार असायचे. डोना म्हणाली, "जेफ्री, तो पॉज तुम्हाला सुचला तरी कसा?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. सरळ, शांतपणे.

"त्याचं सगळं श्रेय आमच्या प्रॉम्प्टरला," तो म्हणाला.

काय हसले लोक. त्यांना वाटलं, हा खास इंग्रजी विनोद. तो हसला नाही.

मी हसले. आणि ग्लास उंचावून त्याच्या नावानं प्यायलेही.