साखळीखाली उभा राहणाऱ्याला आधी

सर्वप्रथम गौरव समितीची माफी मागतो. लेख पोळ्यापर्यंत द्या असं सांगितलं होतं. आता धान कापणीला आलं आहे. पुस्तक छापायला गेलं असेल तर ही पानं वाया जातील, ही धास्ती आहेच. उशीर आळसाने झाला नाही. मॅडमांच्या पंचाहत्तरीच्या लेखात शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं, आणि तिथवर आलो की माझा हात थांबत होता. कारण पुढे लिहिलं आहे.

इंदुमती पटले मॅडम यांनी फुलचूरला लोखंड तपासण्याची प्रयोगशाळा चालवली. गिरण्यांच्या साखळ्या, बॉयलरच्या नळ्या, पुलांच्या सळया तिथे येत. नमुना यंत्रात धरून तुटेपर्यंत ओढायचा, किती ताण सोसला ते पाहायचं, तुटलेलं तोंड भिंगाखाली बघायचं आणि लेखी अहवाल द्यायचा, असं ते काम. मी दयाराम, त्यांच्याकडे नमुने कापून, कानशीने घासून देत असे. शिक्षण सातवीपर्यंतच झालं. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

त्याआधी मी गोरेगावजवळच्या एका राइस मिलमध्ये होतो. जड मोटारी उचलायला नवी साखळी आणली होती. तिचा तुकडा तपासायला शेठजी फुलचूरला निघाले आणि ओझं धरायला मला सोबत घेतलं. मॅडमांची पहिली भेट ती. साखळी यंत्रात घातली, ताण द्यायला सुरुवात झाली आणि लगेच काडकन तुटली.

शेठजी म्हणाले, "मॅडम, लिख दो ना बरोबर आहे म्हणून. सीझन चालू आहे."

"तुम्ही उभे रायता का शेठ हिच्याखाली?"

"मी कायले उभा राहू? हा दयाराम रायते."

"मग पयले त्याले सांगा लागते."

"इसको क्या समझेगा? सातवी फेल आहे."

"साखळीले कुठं माहीत, खाली सातवी उभी आहे का बी.एस्सी.?" असं म्हणून मॅडमांनी तुटकी कडी माझ्या तळहातावर ठेवली. "हात लावून पाहा. चांगलं लोखंड तुटायच्या आधी ताणते, बारीक होते, माणसाले पळायले वेळ देते. हे नाही देत."

तुटलेलं तोंड साखरेच्या दाण्यांसारखं चमकत होतं. ती साखळी परत गेली. पुढे मीही मिल सोडून मॅडमांकडे कामाला लागलो.

ही त्यांची रीतच होती. अहवाल मालकाकडे जायचाच, पण तुटलेला तुकडा त्या लोखंडाजवळ काम करणाऱ्याच्या हातात आधी जायचा. कामठ्याकडच्या एका तलावाच्या पाणी सोडायच्या दाराला फिरवायचा नवा दांडा बसवला होता. त्याचाच उरलेला तुकडा आमच्याकडे आला, आणि वाकण्याऐवजी मोडला. पुरवठादार म्हणाला, "सोमवारी द्या रिपोर्ट, तोवर मी बदलून टाकतो."

"अन् तोवर दार कोण फिरवते?" मॅडमांनी विचारलं. भर उन्हात त्या माझ्या मोटारसायकलवर मागे बसून तलावावर आल्या. पाणी सोडणारे म्हातारे पाणकर पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावरच बसले होते. मोडका तुकडा हातात घेऊन त्यांनी मोडल्या जागेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "मी आजच फिरवणार होतो जी."

मायाही तशीच, रागाच्या आडून. एकदा माझ्या डोळ्यात कानशीचा कीस गेला. मॅडमांनी हातातलं काम टाकून मला स्कूटरवर दवाखान्यात नेलं आणि वाटभर बोलल्या, "चष्मा खुंटीले घालून ठेवता काय? खुंटीचे डोळे शाबूत आहेत, तुमचे जाऊन राहिले."

आता ती प्रयोगशाळा बंद आहे. यंत्र भंगारात गेलं. ते गाडीत चढवताना मॅडम बाहेर आल्या नाहीत. त्या दिशेला गेलो की मला अजून मान वर करवत नाही.

श्रावणात त्यांना भेटायला गेलो तेव्हा फार वाळलेल्या दिसल्या. चहा स्वतःच केला. मग म्हणाल्या, "दयारामभाऊ, यावेळी माझाच नमुना गेला नागपूरले. पोटातल्या गाठीचा." आणि हसल्या. मला हसता आलं नाही.

"रिपोर्ट कधी येते जी?"

"येईल तवा येईल. काऊन तोंड पाडता? समितीवाल्यांनाही सांगा, लपवाचं काय आहे त्यात?"

त्यांनीच सांगितलं म्हणून इथे लिहिलं आहे. त्यानंतर मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. फोन वाजतो, कोणी उचलत नाही. फुलचूरच्या घराला कुलूप आहे. शेजारी म्हणतात, येतील. मी विचारतो, कधी? तेव्हा ते दुसरंच बोलायला लागतात. रात्री जेवण जात नाही. घरचे म्हणतात, तुम्हाला उगाच काळजीची सवय आहे. असेल.

मॅडम, तुम्हाला निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो. लिहिताना भीती वाटली, तरी लिहिलं. ते रिपोर्ट आता आले असतील. डॉक्टरांनी पाहिले असतील, मुलीने पाहिले असतील. पण या साखळीखाली आम्ही उभे आहोत. तुमचीच रीत आहे, मॅडम. चांगलं असो की वाईट, आम्हाला आधी सांगा. मुलीला एक फोन करायला लावा. लवकर कळवा.